ग्लेनकोची दरी हे ज्वालामुखीचं तोंड आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्कॉटलंडच्या सहलीत तुम्ही बसने ग्लेनकोला गेलात. ए-८२ रस्त्यावर थ्री सिस्टर्ससमोरच्या थांब्यावर गाईडने सांगितलं, "आपण एका महाज्वालामुखीच्या तोंडात उभे आहोत, पुढे हिमनद्यांनी ते कोरलं." तुम्ही चौफेर पाहिलं तर गोल विवर नाही, काठ नाही, राख नाही. दोन्हीकडे उभे कडे आणि मधून गेलेली लांबट दरी. मग तोंड कुठलं? हिमनदीने कोरलं ते नेमकं काय? आणि आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, तर तिथे असं काही का दिसत नाही?

गाईडचं निम्मं खरं आहे. ग्लेनकोला कॅल्डेरा, म्हणजे कोसळून झालेला ज्वालामुखीचा खड्डा, आहे आणि तो साधासुधा नाही, जगभर भूशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. पण तुम्ही उभे होतात ती दरी म्हणजे कॅल्डेरा नव्हे. कॅल्डेरा सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. दरीला आजचं रूप आलं ते अगदी अलीकडे, हिमयुगांत, बर्फामुळे. या दोन गोष्टींचा संबंध एवढाच की दुसरीने पहिलीला आरपार चिरलं. त्यामुळे ज्वालामुखीचा खड्डा शोधायला खाली दरीत पाहून उपयोग नाही, मान वर करायला हवी. थ्री सिस्टर्सचे कडे, त्यांच्या मागचं ११५० मीटर उंचीचं बिडियन नम बियन, दरीच्या पूर्व तोंडाशी उभं असलेलं बुअखल एटिव मोर, हे सगळे डोंगर म्हणजे त्या खड्ड्यात खचलेला आणि साचलेला माल. एके काळी जे तळाला होतं ते आज माथ्यावर आहे. हे असं उलटं कसं झालं ते कळलं की तुमचे तिन्ही प्रश्न सुटतात.

आधी विवर आणि कॅल्डेरा यांतला फरक. विवर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, माल बाहेर पडण्याची जागा. कॅल्डेरा तयार होतो तो कोसळण्याने. जमिनीखाली काही किलोमीटरवर मॅग्माचा साठा असतो. मोठ्या उद्रेकात तो झपाट्याने उपसला गेला की वरच्या छताचा आधार जातो आणि छत खाली बसतं, भांड्याच्या तोंडाहून किंचित लहान झाकण आत घसरावं तसं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने १९९१ मध्ये हे आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. उद्रेक शांत झाला तेव्हा शिखराच्या जागी सुमारे अडीच किलोमीटर रुंदीचा खळगा उरला होता. सुमात्रातलं टोबा सरोवर याच जातीच्या खड्ड्यात साचलेलं आहे, फक्त तो खड्डा जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आहे. जाता जाता, टोबाची मानली जाणारी राख आपल्याकडेही आहे. पुणे जिल्ह्यात कुकडीच्या काठी बोरीजवळ नदीच्या जुन्या गाळात तिचा थर मिळतो. ती टोबाच्या नक्की कोणत्या उद्रेकातली यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, पण तीन हजार किलोमीटर लांबून आलेली राख जुन्नरच्या बाजूला सापडते यावरून कॅल्डेरा पाडणारा उद्रेक काय ताकदीचा असतो ते लक्षात येईल.

आता ग्लेनको. ४२ कोटी वर्षांपूर्वी स्कॉटलंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं. आयापेटस नावाचा महासागर मिटत आला होता, त्याच्या दोन्ही काठांवरचे भूखंड एकमेकांना भिडत होते आणि त्या रेट्यात हिमालयाच्या तोडीची पर्वतरांग उभी राहिली होती. जमिनीवर झाडं नव्हती, गवत तर नव्हतंच. काठाकाठाने वाढणाऱ्या बोटभर वनस्पती सोडल्या तर सगळा उघडा दगड, वाळू आणि पावसाच्या लोंढ्यांनी वाहून आणलेला गाळ. झाडांची मुळं धरून ठेवायला नसल्यामुळे नद्या पसरट वाहायच्या आणि सारख्या पात्र बदलायच्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण ग्लेनकोच्या ज्वालामुखी खडकांच्या मध्ये मध्ये या नद्यांचा गाळ सापडतो आणि पुढच्या सगळ्या कथेचा तो साक्षीदार आहे.

तळाचा खडक म्हणजे ज्वालामुखीच्या कितीतरी आधीचे रूपांतरित शिस्ट आणि क्वार्ट्झाइट. त्यांच्यावर अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे जाड थर आहेत. जुन्या नकाशांत ते लाव्हाचे प्रवाह म्हणून रंगवलेले असत. नंतर बारकाईने पाहिल्यावर दिसलं की त्यांतले बरेचसे जमिनीवर वाहिलेलेच नाहीत. ते ओल्या, न घट्ट झालेल्या गाळात आडवे घुसले. शिरताना गाळातल्या पाण्याची वाफ झाली, अँडेसाइटचे तुकडे तुकडे झाले आणि गाळ त्या तुकड्यांच्या फटींत भरला. असा खिचडी झालेला खडक हातात घेतला की आत एक-दोन सेंटिमीटरचे टोकदार काळपट तुकडे आणि त्यांच्यामध्ये बारीक वाळूचा दगड दिसतो. या वाळूत कधीकधी मूळ थरांच्या रेषा वाकलेल्या, विस्कटलेल्या दिसतात. म्हणजे गरम खडक आला तेव्हा वाळू अजून ओली होती. माझ्या मते ग्लेनकोमधला हा सगळ्यात बोलका दगड आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्यावर बूट ठेवून पुढे जातात.

त्यावर ऱ्हायोलाइट आणि इग्निम्ब्राइट. ऱ्हायोलाइट म्हणजे सिलिका भरपूर असलेला, घट्ट, जेमतेम वाहणारा लाव्हा. त्यात वायू अडकून राहतो आणि स्फोट होतो. इग्निम्ब्राइट म्हणजे अशा स्फोटातून निघालेली राख आणि प्युमिस, म्हणजे फेसासारखा सच्छिद्र दगड, यांचे तापलेले लोट, जमिनीलगत धावत येऊन साचलेले आणि स्वतःच्या उष्णतेने व वजनाने दाबून जोडले गेलेले. आतले प्युमिसचे तुकडे चिरडून चपटे झालेले असतात. कापलेल्या पृष्ठभागावर ते काळसर, दोन्ही टोकांना निमुळत्या रेघोट्यांसारखे दिसतात. एक लोट, मग कोसळणं, मग काही काळ शांतता आणि त्या शांततेत खड्ड्यातून वाहणाऱ्या नदीचा गाळ, मग पुन्हा उद्रेक. असं अनेकदा झालं. सगळं मिळून थरांची जाडी एक किलोमीटरच्या वर जाते.

हे उलगडायला सुरुवात झाली ती १९०९ मध्ये. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले चार्ल्स क्लफ, हर्बर्ट मॉफ आणि एडवर्ड बेली यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात ग्लेनकोवर निबंध छापला. त्यांनी चालून चालून नकाशा काढला तेव्हा दिसलं की ज्वालामुखी खडकांचा पट्टा एका लंबवर्तुळाकार भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिच्या बाजूने सरकले त्या भेगेच्या, आत बंदिस्त आहे. लांबी सुमारे १४ किलोमीटर, रुंदी सुमारे ८. आत ज्वालामुखी खडक, बाहेर जुने शिस्ट, आणि भ्रंशाला लागून बाहेरच्या अंगाने खालून वर चढलेला अग्निज खडक. त्यांचा निष्कर्ष असा की मधला ठोकळा शेकडो मीटर खाली बसला आणि बसताना कडेच्या फटीतून मॅग्मा वर आला. प्राचीन कॅल्डेऱ्याची आतली रचना इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच कुणी मांडली होती. क्लफ पुढे १९१६ मध्ये रेल्वेच्या एका कटिंगमधले खडक तपासताना गाडीखाली आले. बेलींनी पहिल्या महायुद्धात एक डोळा गमावला आणि तरीही ते पुढे सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्या पिढीची चिकाटी वेगळीच होती.

तो वलयाकार भ्रंश जवळून पाहायचा असेल तर जागा दोन. पश्चिमेला लॉख आख्ट्रिऑख्टन या तळ्याच्या पलीकडे अन ट्रोन नावाच्या डोंगराच्या तोंडावर एक खोल उभी घळ रस्त्यावरूनही दिसते. भ्रंशाने खडक कुटून दुबळा केला आणि पाण्याने नेमका तोच भाग खरवडला, म्हणून ती घळ. दुसरी जागा ईशान्येला, स्टॉब विक वार्टिन. डेव्हिल्स स्टेअरकेसच्या पायवाटेने चढून थोडं बाजूला जावं लागतं. इथे काही पावलांत तीन गोष्टी ओळीने दिसतात. आधी ठेचून बारीक झालेला, मूळचा पोत हरवलेला क्वार्ट्झाइट आणि शिस्ट. मग चकमकीसारखा गुळगुळीत, काळपट, अतिशय बारीक कणांचा पट्टा, जो कुठे बोटाएवढा तर कुठे जास्त रुंद, आणि त्याचे फाटे शेजारच्या खडकाच्या भेगांत शिरलेले. त्याला लागून वलयाच्या फटीतून वर आलेला अग्निज खडक. भिंगातून पाहिलं की त्याच्या कडेचे स्फटिक आतल्यापेक्षा बारीक दिसतात, कारण थंड भिंतीला टेकल्यावर तो पटकन गोठला.

मधल्या काळ्या पट्ट्यावर खूप भांडणं झाली. कुणी म्हणालं ही वायूबरोबर वर आलेली दगडाची पूड, कुणी म्हणालं घर्षणाने वितळलेला खडक. लिव्हरपूल विद्यापीठाच्या पीटर कोकेलार यांनी २००७ मध्ये सविस्तर मांडणी केली ती घर्षणाच्या बाजूने. ठोकळा इतक्या वेगाने घसरला की भ्रंशाच्या दोन भिंतींमधला दगड वितळून गेला. मला हे पटतं. फाट्यांचे आकार पाहिले की ते द्रव म्हणूनच भेगांत शिरले असणार असं वाटतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. याचा अर्थ छत हळूहळू शतकानुशतकं बसत गेलं असा होत नाही. काही टप्प्यांत तरी ते काही मिनिटांत-तासांत खाली आलं.

आता त्या झाकणाच्या उपमेला थोडी दुरुस्ती. क्लफ-मॉफ-बेलींच्या चित्रात झाकण एकसंध आहे, पाठ्यपुस्तकांत अजून तेच छापतात. १९९० च्या दशकात इयन मूर आणि कोकेलार यांनी थरांची जाडी आणि मधल्या गाळाचे पट्टे फुटाफुटाने मोजून दाखवलं की कॅल्डेरा तुकड्यातुकड्यांनी कोसळला. मधोमध आधीपासूनच वायव्य-आग्नेय दिशेचा खचपट्टा होता, त्यातून नदी वाहत होती आणि प्रत्येक उद्रेकाबरोबर वेगवेगळे ठोकळे वेगवेगळ्या खोलीला बसले. भ्रंशाच्या एका बाजूला इग्निम्ब्राइट जाड, दुसऱ्या बाजूला तोच थर पातळ. यावरून कोणता ठोकळा कधी खचला याची तारीखवार नसली तरी क्रमवार नोंद लागते. वलयाकार भ्रंश खरा आहे, पण तो या नाटकाचा एक अंक आहे.

इथे तुमच्या प्रश्नाचा गाभा येतो. ग्लेनकोच्या आजूबाजूला ४२ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा माल किती लांबवर पसरला असेल याचा विचार करा. तो आज कुठे आहे? जवळपास कुठेच नाही. कॅल्डेऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं की शिस्ट, क्वार्ट्झाइट आणि ग्रॅनाइट. ग्रॅनाइट तर जमिनीखाली काही किलोमीटर खोल गोठतो. तो आज रॅनॉख मूरवर उघडा पडला आहे, म्हणजे वरचे तेवढे किलोमीटर घासून गेले. मूळ ज्वालामुखी, त्याचे उतार, कॅल्डेऱ्याचा काठ, सगळं त्यात गेलं. वाचलं ते फक्त जे आत खचलं होतं. आजूबाजूचं सगळं त्याच्या पातळीपर्यंत झिजत आलं तेव्हा ते उघडं झालं आणि शिस्टच्या तुलनेत ऱ्हायोलाइट टणक असल्याने डोंगर म्हणून उभं राहिलं. उत्तरेला पंधराएक किलोमीटरवरचं बेन नेव्हिस, १३४५ मीटर, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, तिथेही हीच गत आहे. माथ्यावरचे ज्वालामुखी खडक सगळीकडून ग्रॅनाइटने वेढलेले, खाली बसल्यामुळेच शाबूत राहिलेले.

मधली चाळीसएक कोटी वर्षं मी दोन वाक्यांत उरकतो, कारण ग्लेनकोपुरतं त्या काळाचं हाती फारसं काही नाही. झीज चालू राहिली, आणि ६ कोटी वर्षांच्या आसपास उत्तर अटलांटिक उघडताना पश्चिम स्कॉटलंड पुन्हा वर उचललं गेलं. स्काय आणि मल बेटांवरचे ज्वालामुखी त्या वेळचे. पुष्कळ प्रवासी त्यांची आणि ग्लेनकोची सरमिसळ करतात. स्कायचा बेसाल्ट वयाने आपल्या दख्खनच्या जवळचा. ग्लेनको दोघांपेक्षाही सहापटीहून अधिक जुनं.

मग बर्फ. गेल्या २६ लाख वर्षांत स्कॉटलंडवर अनेकदा हिमस्तर आला आणि गेला. प्रत्येक वेळी बर्फ साचण्याची एक मोठी जागा म्हणजे ग्लेनकोच्या पूर्वेचं रॅनॉख मूर, डोंगरांनी वेढलेलं उंच पसरट पठार. तिथे बर्फाचा ढीग वाढत गेला आणि वाट मिळेल तिकडे सरकू लागला. पश्चिमेला पूर्वी पाणलोटाची रेषा होती, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटून देणारी, डोंगरांच्या कमरेएवढी उंच खिंड म्हणा. बर्फाला चढ-उताराचं पाण्याइतकं बंधन नसतं. पृष्ठभागाचा उतार असेल तिकडे तो जातो, तळाला चढ असला तरी. ती खिंड त्याने ओलांडली, खोल खोल कापली आणि पलीकडची नदीची दरी रुंद करत समुद्राला भिडलेल्या लॉख लीव्हनपर्यंत नेली. ग्लेनको ही अशी फोडलेली दरी आहे. वलयाकार भ्रंशाचं वळण तिने धरलंच नाही, सरळ कॅल्डेऱ्याच्या मधून गेली. भूशास्त्राच्या दृष्टीने हे नशीबच म्हणायचं. बर्फाने कापला नसता तर कॅल्डेरा फक्त वरून दिसला असता, आतून नाही.

शाळेच्या भूगोलात हिमनदीचं सगळं शब्दभांडार पाठ केलेलं आठवत असेल तर ते इथे एकाच थांब्यावरून वसूल होतं. थ्री सिस्टर्स म्हणजे बेन अटा, ग्यार अनॉख आणि अनॉख डू, या बिडियन नम बियनच्या तीन सोंडा. आपल्याकडची सोंड हळूहळू उतरत दरीत विरते. या तिन्ही सोंडा मध्येच कापल्यासारख्या संपतात, कारण मुख्य दरीतून गेलेल्या हिमनदीने त्यांची टोकं खरवडून नेली. त्यांच्या मधल्या दऱ्या मुख्य दरीच्या तळापेक्षा बऱ्याच वर उघडतात. त्या लोंबत्या दऱ्या. लहान हिमनदी तेवढी खोल कापू शकली नाही आणि बर्फ गेल्यावर उंबरठा अधांतरी राहिला. सोंडांच्या वर हिमगव्हरं, म्हणजे बर्फाने कोरलेले वाटीसारखे खळगे. समोर उत्तरेला अनॉख एगखची धार, दोन्ही बाजूंनी खरवडत आणल्यामुळे उरलेली शुककूट. ती धार चालून जाण्याचा बेत असेल तर सह्याद्रीतल्या अनुभवावर विसंबू नका. ओल्या ऱ्हायोलाइटवर बूट टिकत नाही आणि मध्येच दरीत उतरायला सुरक्षित वाट नाही.

बेन अटा आणि ग्यार अनॉखच्या मधली लोंबती दरी म्हणजे कोरी गावल, पर्यटकांची लॉस्ट व्हॅली. गाईडने सांगितलंच असेल की मॅकडोनल्ड कुळाचे लोक तिथे गुरं लपवायचे, आणि १६९२ च्या फेब्रुवारीतल्या हत्याकांडाचा विषयही निघाला असेल. दरी लपली ती हिमनदीमुळे नाही. बर्फ वितळून आधार गेल्यावर ग्यार अनॉखच्या बाजूचा कडा सुटला आणि त्याच्या घरांएवढ्या शिळांनी तोंड बंद केलं. मागे ओढ्याने गोटे-वाळू आणून भरली, म्हणून आत अनपेक्षित सपाट मैदान लागतं. चढताना ज्या शिळांमधून वाट काढावी लागते त्यांवर ऱ्हायोलाइटच्या वाहण्याच्या पट्ट्या हाताला लागतील इतक्या जवळ आहेत. बारीक, एकाआड एक फिकट-गडद रेषा, काही जागी वळ्या पडलेल्या. कड्यावर चढण्यापेक्षा हे सोपं.

ज्वालामुखीची जुनी रचना आणि बर्फाची नवी कोरणी यांची गाठ कुठे पडते ते अनॉख डूच्या पश्चिम कड्यावर सगळ्यात छान कळतं. क्लॅखेग इन या हॉटेलच्या बाजूने पाहा. खालचा अर्धा भाग पायऱ्यापायऱ्यांचा, गवताचे पट्टे असलेला. ते अँडेसाइटचे आडवे थर. वरचा अर्धा सरळसोट, उघडा कातळ. तो ऱ्हायोलाइट आणि इग्निम्ब्राइट. बर्फाने दोन्हीला सारखंच खरवडलं, पण अँडेसाइट थरांच्या सांध्यांवर तुटत गेला आणि ऱ्हायोलाइट उभ्या भेगांवर. त्यामुळे एकाच कड्याचे दोन स्वभाव झाले. शिवाय कड्यावर ईशान्य-नैर्ऋत्य दिशेच्या घळी दिसतील. त्या बऱ्याचशा डाईकच्या, म्हणजे भेगांत शिरून गोठलेल्या मॅग्माच्या उभ्या पट्ट्यांच्या, जागा आहेत. कॅल्डेरा शांत झाल्यानंतर दक्षिणेच्या एटिव ग्रॅनाइटच्या काळात त्या दिशेने शेकडो डाईक घुसले. इथे ते आजूबाजूच्या खडकापेक्षा लवकर झिजले. अनॉख डूच्या उत्तर कड्यावरची ती प्रसिद्ध अरुंद उंच गुहा, ऑसियनची गुहा, हे अशाच एका झिजलेल्या डाईकचं भोक आहे. धुळे-नंदुरबारकडे आपले बेसाल्टचे डाईक नेमके उलट वागतात. तिथे ते भिंतीसारखे उभे राहतात आणि शेजारचा खडक झिजतो.

बर्फाचा शेवटचा फेरा लहान होता. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी हवामान अचानक थंड झालं आणि वितळत चाललेल्या हिमनद्या पुन्हा वाढल्या. त्या वेळी उंच शिखरं बर्फाच्या वर उघडी होती, म्हणून ती काटेरी आणि फुटकी दिसतात. खालचे उतार मात्र घासून गुळगुळीत झालेले आहेत. ही सीमारेषा हिवाळ्यातल्या तिरक्या उन्हात चांगली दिसते. बर्फ गेल्यानंतर ओढ्यांनी दोन्ही बाजूंनी दगडगोट्यांचे पंखे दरीत लोटले आणि तळ भरत आणला. लॉख आख्ट्रिऑख्टनचं उथळ तळं आणि भोवतीचं सपाट कुरण त्या भरावावर आहे. दरीचा खरा खडकाचा तळ त्याच्या खाली गाडलेला आहे.

पुन्हा गेलात तर क्रम असा ठेवा. पूर्वेकडून या, बुअखलपाशी थांबून ऱ्हायोलाइटची तांबूस छटा पाहा, हवा चांगली असेल तर स्टॉब विक वार्टिन करा, मग थ्री सिस्टर्स, आणि शेवटी पश्चिमेला अन ट्रोनची घळ. म्हणजे कॅल्डेऱ्याच्या एका काठाने आत शिरून दुसऱ्या काठाने बाहेर पडाल. हातोडी नेऊ नका. बहुतेक जमीन नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या ताब्यात आहे, आणि पाऊस धुऊन काढतो तेवढं पाहायला पुरेसं असतं. उलट कोरड्या दिवसापेक्षा ओल्या दगडावर पोत जास्त उठून दिसतो.

राहिला सह्याद्री. दख्खनचा ज्वालामुखी वेगळ्या जातीचा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्ट वाहत राहिला, थरावर थर, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. बेसाल्टमध्ये सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, ऱ्हायोलाइटमध्ये सत्तरच्या वर. बेसाल्ट हजार-अकराशे अंशांवर सहज वाहतो, वायू सुटून जातो, स्फोटाची गरज पडत नाही. एका उथळ साठ्याचं छत अचानक निराधार व्हावं असं त्यात घडत नाही, म्हणून कॅल्डेरा नाही. त्याच कारणाने आपल्याकडे कडे आडवे, किल्ल्यांच्या माच्या आडव्या आणि थर मैलोन्‌मैल एका पातळीत. दख्खनमध्ये ऱ्हायोलाइट मुळीच नाही असं मात्र समजू नका. मुंबईत मढ-मनोरीकडे आहे, गुजरातेत पावागढला आहे. पण तो कडेचा, थोडा. लोणारचा गोल खड्डा पुष्कळांना ज्वालामुखीचा वाटतो, तो उल्कापाताचा आहे.

आणि बर्फ? सह्याद्रीवर हिमनदी कधीच वाहिली नाही. बेसाल्ट साचल्यानंतर इथल्या अक्षांशाला आणि उंचीला तेवढी थंडी पडलीच नाही. आपल्या दऱ्या पाण्याने कापल्या आहेत, म्हणून तळाशी अरुंद, आणि सोंडा शेवटपर्यंत शाबूत. महाराष्ट्रात हिमनदीची खूण पाहायचीच असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईला जावं लागेल. तिथे पेनगंगा गटाच्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत आणि वर तालचीर नावाचा, हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांचा थर. तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाजवळ असतानाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टच्या कितीतरी आधीचा. ओरखड्यांच्या दिशेवरून तो कुठून कुठे सरकत होता हे तिथेच होकायंत्राने मोजता येतं. जाणार असाल तर हिवाळ्यानंतर, नदीचं पाणी उतरल्यावर जा.